सीडी आत जाते, गरगरते, पण माऊंट काय होत नाही

लिनक्सवर सीडी माऊंट होत नाही, म्हणजे आतल्या फाइल बघायला उघडत नाहीत, असं कुणाला सांगितलं की दोनच सल्ले मिळतात, एक म्हणजे विंडोजवर लावून बघ आणि दुसरा म्हणजे आजकाल सीडी कोण वापरतं, पेनड्राइव्ह घे. दुसऱ्या सल्ल्याचा मला जास्त राग येतो, ज्याच्याकडे वीस वर्षांपूर्वीच्या डिस्क पडल्यात त्याने नवा पेनड्राइव्ह घेऊन करायचं काय, माल तर त्या डिस्कवर आहे.

आता हे सगळं डोक्यात यायचं कारण मामा. मामा पेडण्याकडचे, त्यांच्या गावात देवळाच्या कालोत्सवाला नाटक होतंच होतं, गावचीच माणसं, पदरमोड करून आणलेले पडदे आणि पेटी-तबलावाले, आणि मामा त्यातले कायमचे हौशी नट. मध्ये काही वर्षं बाजारातला एक फोटोग्राफर या नाटकांचं शूटिंग करून सीड्या द्यायचा, पुढे डीव्हीड्या. त्या सगळ्या मामांनी जपून एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवलेल्या. गोव्यात पावसाळ्यात कपाटाचा खालचा खण म्हणजे काय असतं ते गोंयकाराला सांगायला नको, चामड्याचा पट्टासुद्धा हिरवा होतो. पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "तुज्या त्या लिनक्साचेर चलतात काय पळय मरे, घरचो प्लेयर केन्नाच मेलो."

माझ्याकडे डिचोलीला घरी एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर डेबियन नावाचं लिनक्स, आत साटा केबलने जोडलेला डीव्हीडी रायटर. पिशवीतली पहिली डिस्क घातली, नाही झाली माऊंट. दुसरी, नाही. मामांचं तोंड पडलं आणि त्यांनी लगेच निकाल दिला की लिनक्स चालत नाही. खरं सांगायचं तर त्या पिशवीत माऊंट न होण्याची जेवढी म्हणून कारणं असतात ती जवळजवळ सगळी भरलेली होती, प्रत्येक डिस्कचं वेगळं, आणि त्यातलं लिनक्सचं स्वतःचं म्हणावं असं अगदी थोडं. म्हणून हे लिहून ठेवतोय. कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीतच टाइप करायच्या, तेवढं समजून घ्या.

काहीही करायच्या आधी एक टर्मिनल उघडून त्यात सुडो डीमेसेज डॅश डब्ल्यू चालू करून ठेवायचं (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी). ही कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, बडबड असते, डॅश डब्ल्यू दिलं की ती थांबत नाही, नवीन ओळ आली की लगेच दिसते. मग डिस्क घालायची आणि बघत बसायचं. लोक आधी माऊंटची कमांड दहा प्रकारे बदलून मारतात, नेटवरून सापडेल ते ऑप्शन चिकटवतात, आणि कर्नल तिकडे कधीचा सांगत असतो की बाबा मला ड्राइव्हच दिसत नाहीये.

माझ्याकडे नेमकं तेच झालेलं. एलएसबीएलके (ड्राइव्हांची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर हार्डडिस्क दिसत होती, एसआर० नव्हताच. ऑप्टिकल ड्राइव्ह लिनक्सवर /डेव्ह/एसआर० म्हणून येतो, दोन असले तर दुसरा एसआर१, आणि /डेव्ह/सीडीरॉम म्हणून जे दिसतं ती फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारी लिंक असते. खूप जुन्या लेखांत तुम्हाला /डेव्ह/एचडीसी वगैरे नावं सापडतील, ती आयडीई ड्रायव्हरच्या जमान्यातली, ते सोडून द्या. तर एसआर० नाही, आणि डीमेसेजमध्ये साटा लिंक डाऊन, मग परत अप, मग रीसेट. याचा डिस्कशी काही संबंध नाही, ही केबल किंवा पॉवर. कॅबिनेट उघडलं, साटाची डेटा केबल काढून परत बसवली, तीच ढिली होती, आणि टोकाला दमटपणाने गंज धरलेला, मग सरळ दुसरी केबल लावली. एसआर० हजर. इथल्या हवेत केबलच्या कॉन्टॅक्टवर आधी संशय घ्यावा असं माझं मत आहे, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर जास्तच.

बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह असेल तर केबलच्या जागी पॉवरचा संशय घ्यायचा. यूएसबी २ च्या पोर्टमधून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००, आणि डिस्क फिरवायला सुरुवात करताना हे ड्राइव्ह त्याच्याहून जास्त ओढतात. मग होतं काय की ड्राइव्ह दिसतो, डिस्क घातली की गरगरायला लागतो आणि डीमेसेजमध्ये यूएसबी डिसकनेक्ट. काही ड्राइव्हसोबत दोन टोकांची केबल येते ती उगाच नसते, दोन्ही टोकं लावायची, आणि हबमध्ये तर लावूच नये.

ड्राइव्ह दिसायला लागला, मामा खूश, पुढची डिस्क घातली आणि उत्तर आलं, नो मीडियम फाउंड. म्हणजे ड्राइव्ह म्हणतोय माझ्या पोटात काही नाहीच. डिस्क तर मी आत्ता घातली. इथे एक गोष्ट माहीत असेल तर खूप वेळ वाचतो. ड्राइव्हमध्ये सीडीचा लेझर वेगळा आणि डीव्हीडीचा वेगळा, सीडीचा ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० चा, त्यामुळे एक मेलेला आणि दुसरा ठणठणीत असं सहज होऊ शकतं. म्हणून एकाच डिस्कवर निकाल द्यायचा नाही, एक कंपनीची छापील सीडी, एक छापील डीव्हीडी, आणि एक घरी राइट केलेली, अशा तीन जवळ ठेवायच्या. छापील चालते आणि राइट केलेली नाही असं असेल तर लेन्स मळकी किंवा लेझर म्हातारा, कारण राइट केलेल्या डिस्कवरून प्रकाश परत येतो तोच कमी. सीड्या सगळ्या नाहीत आणि डीव्हीड्या सगळ्या चालतात असं असेल तर सीडीचा लेझर गेला, नवा ड्राइव्ह बघा. छापील डिस्कसाठी मी उबंटूची जुनी सीडी वापरतो, शिपइट योजनेत पोस्टाने घरी फुकट यायची ती, २०११ ला ती योजना बंद केली त्यांनी. पाकिटावरची ती हसरी माणसं अजून आहेत आणि सीडी अजून वाचते, कॉलेजात असताना ती पोस्टमनकडून घ्यायला आम्ही दारात उभे राहायचो.

आणि ड्राइव्हला मुळात काय काय वाचता येतं हे कर्नललाच विचारा, कॅट /प्रॉक/सिस/डेव्ह/सीडीरॉम/इन्फो. कॅन रीड डीव्हीडी समोर १ आहे की ० ते तिथे लिहिलेलं असतं. गोवा सरकारने विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर दिले त्या सायबरएज योजनेच्या काळातले कॉम्प्युटर अजून कोणाकोणाच्या माळ्यावर आहेत, तसल्या जुन्या मशीनमध्ये कधी कधी नुसता सीडी ड्राइव्ह असतो आणि माणूस त्यात डीव्हीडी घालून तासभर बसतो.

माझ्या ड्राइव्हची लेन्स मळलेली होती. कापसाची काडी, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी जरासं, आणि हलकेच, लेन्स तारांवर तरंगत असते म्हणून दाबायचं नाही. फेणी वापरू का असं मामांनी विचारलं. नाही मामा.

लेन्स पुसल्यावर पिशवीतल्या बऱ्याच डिस्क ओळखल्या जायला लागल्या, आणि मग सुरू झाला खरा खेळ, ती प्रसिद्ध ओळ, राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक. ही ओळ माऊंट कमांड कशालाही देते, तिच्यावरून काही कळत नाही. ब्लकआयडी /डेव्ह/एसआर० मारा, किंवा फाइल डॅश एस, आणि बघा डिस्कवर फाइल सिस्टिम, म्हणजे फाइल मांडून ठेवायची पद्धत, कुठली आहे. सीडीवर बहुतेक वेळा आयएसओ ९६६०, डीव्हीडीवर यूडीएफ किंवा दोन्ही. यूडीएफ असेल आणि माऊंट अडखळत असेल तर डॅश टी यूडीएफ असं स्पष्ट सांगून बघायचं. आणि ब्लकआयडीने काहीच दाखवलं नाही तर ती ऑडिओ सीडी नाही ना ते बघा. ऑडिओ सीडीवर फाइल सिस्टिम नसतेच, नुसते ट्रॅक असतात, ती माऊंट होत नाही आणि कधी होणारही नाही, ती बिघडलेली नसते. मामांच्या पिशवीत नाट्यगीतांची एक तशी निघाली, तिला सीडीपॅरानोइया लावलं, ट्रॅक वेव्ह फाइल होऊन बाहेर. विंडोजवर ती उघडल्यावर सीडीए नावाच्या फाइल दिसतात म्हणून लोकांना वाटतं आत फाइल आहेत, त्या विंडोजने आपल्या सोयीसाठी दाखवलेल्या असतात.

अजून एक, अननोन फाइलसिस्टिम टाइप आयएसओ ९६६० असं आलं तर घाबरू नका. आर्चसारख्या लिनक्सवर कर्नल अपडेट केला आणि रीबूट केलं नाही की चालू कर्नलची मॉड्यूल (गरजेप्रमाणे जोडायचे तुकडे) हार्डडिस्कवरून उडालेली असतात, सीडी वाचणारं आयएसओएफएस लोड होत नाही. रीबूट करा आणि चहा घ्या, संपलं.

आता व्हीसीडी. पिशवीतल्या जुन्या डिस्क म्हणजे व्हिडिओ सीडीच, एका सीडीवर साधारण ७४ मिनिटं, म्हणून एका नाटकाच्या दोन-तीन डिस्क. यातली पहिली माऊंट झाली की! एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर, त्यात एव्हीसेक०१ डॉट डॅट, साइज मोठी, मामा म्हणाले चला आलं. कॉपी करायला घेतलं तर इनपुट आउटपुट एरर. डिस्क खराब म्हणून फेकून देणारे इथेच फेकतात, आणि डिस्क तर एकदम चांगली असते. त्याचं असं आहे की साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे एका कप्प्यात, २०४८ बाइट असतात आणि कर्नल तेवढेच मागतो, पण व्हीसीडीवरचा व्हिडिओ ज्या सेक्टरांत असतो त्यांचा साचाच वेगळा, त्यात २३२४ बाइट, कारण व्हिडिओत एखादा बाइट चुकला तर कुणाला कळत नाही म्हणून एरर करेक्शनची जागा काढून तिथे पण चित्र भरलंय. कर्नल मागतो एक आणि डिस्कवर आहे दुसरं, ड्राइव्ह नाही म्हणतो. उपाय म्हणजे व्हीसीडीइमेजर पॅकेजमधलं व्हीसीडीएक्सरिप, ते थेट ड्राइव्हशी बोलून एमपीईजी फाइल काढून देतं, माऊंट करायची पण गरज नाही. नुसतं बघायचंच असेल तर व्हीएलसीमध्ये व्हीसीडी डिस्क म्हणून उघडा. चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेल, आजच्या टीव्हीवर बघवत नाही, पण मामांना चालतं.

दुकानातून आणलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीचं दुखणं वेगळं, ती माऊंट होते आणि डीमेसेजमध्ये रीड ऑफ स्क्रॅम्बल्ड सेक्टर विदाऊट ऑथेंटिकेशन असं येत राहतं, ते कॉपी होऊ नये म्हणून लावलेल्या कुलपाचं प्रकरण आहे, डिस्कचा दोष नाही. तसल्या पिशवीत दोनच होत्या, त्या मी बाजूला ठेवल्या.

एक छोटी डिस्क होती, आठ सेंटिमीटरची, हँडीकॅममधली, कोणाच्या तरी मुंजीची. तिला ब्लकआयडी गप्प. डीव्हीडी-प्लस-आरडब्ल्यू-मीडियाइन्फो नावाची कमांड आहे, ती डिस्कची कुंडलीच मांडते, तिच्यात दिसलं डिस्क स्टेटस अपेंडेबल, शेवटचं सेशन (एका वेळी राइट केलेला भाग) अपुरं. म्हणजे शूटिंग केलं आणि फायनलाइज केलंच नाही. पुस्तक पूर्ण लिहिलं पण अनुक्रमणिका छापलीच नाही असला प्रकार, सगळं आत आहे आणि कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तोच कॅमेरा किंवा त्याच जातीचा दुसरा शोधून त्यातच फायनलाइज करणं. मामांनी लगेच सांगितलं कॅमेरा कोणाकडे आहे, त्यांना गावातल्या सगळ्यांच्या घरातलं सगळं माहीत असतं.

जी डिस्क थोडं थोडं करून अनेक वेळा राइट केलेली असते तिचं उलटं होतं, माऊंट होते पण अर्धाच माल दिसतो. कर्नल शेवटचं सेशन बघतो, आणि राइट करणाऱ्या सॉफ्टवेअरने आधीचं सेशन जोडून घेतलं नसेल तर आधीच्या फाइल गायब. माऊंटला सेशन=० असा ऑप्शन देऊन पहिलं सेशन उघडता येतं, मग १, २ असं पुढे. मामांच्या नाटकमंडळीच्या फोटोंची एक सीडी अशीच होती, वरवर बघून तिच्यात नुसते पावत्यांचे स्कॅन, आणि सेशन शून्यात तालमीचे फोटो, त्यात मामा मिशीवाले.

आणि मग उरल्या त्या खरोखर खराब डिस्क. डीमेसेजमध्ये मीडियम एरर, अनरिकव्हर्ड रीड एरर, बफर आय-ओ एरर, ओळींवर ओळी, मशीन पण अडकल्यासारखं होतं. इथे परत परत माऊंट मारणं बंद करायचं. आधी डिस्क बघा, उजेडात धरून. खालच्या बाजूचे ओरखडे लोकांना मोठे वाटतात पण सीडीचा जीव असतो वरच्या बाजूला, लेबलच्या लगेच खाली, पातळ लॅकरखाली, सगळं १.२ मिलिमीटरचं प्लास्टिक खालच्या बाजूला आहे. म्हणून लेबलकडून खरवडलेली सीडी म्हणजे डेटाच खरवडला, तिथून आरपार उजेड दिसतो. डीव्हीडीत ते दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतं म्हणून ती त्या बाबतीत बरी. खालचे ओरखडे टूथपेस्टने घासून थोडे कमी होतात असं म्हणतात आणि होतातही कधी कधी, पण मी शेवटी करतो ते, आधी नाही. पुसायचं झालं तर मधून बाहेरच्या कडेकडे सरळ, गोल गोल नाही.

त्यातल्या काही डिस्कवर करड्या फांद्या फुटल्यासारखे डाग होते, कडेकडून आत जाणारे. मला आधी वाटलं नुसता मळ, पुसून बघितलं, जात नाहीत. बुरशी सीडी खाते हे खरं आहे बरं का, मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधून आलेल्या सीडीवर जिओट्रिकम जातीची बुरशी सापडल्याची बातमी २००१ मध्ये सगळीकडे आली होती, तिने प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचा थर दोन्ही पोखरलेला. मामांच्या डिस्कवर तीच जात होती असं मी म्हणत नाही, पण बेलीझ काय आणि पेडणे काय, पावसाळ्यात हवा सारखीच. कॅमेऱ्याच्या लेन्सला इथे बुरशी लागते म्हणून फोटोग्राफर लोक ड्राय बॉक्स ठेवतात, डिस्कसाठी कोणाला सुचत नाही. फोटोग्राफरने काही डिस्कवर रंगीत छापील स्टिकर चिकटवलेले ते तर दमटपणाने फुगून एका बाजूने उचललेले, डिस्क फिरताना ड्राइव्ह असा थडथडायचा की मामा खुर्चीवरून उठले. स्टिकर ओढून काढायचा मोह होतो, काढू नका, वरचा थर त्याच्यासोबत येतो. त्यापेक्षा वेग कमी करा, इजेक्ट डॅश एक्स ४ /डेव्ह/एसआर०, म्हणजे ड्राइव्ह चारपटीच्या वेगाने वाचतो. बरेचसे ड्राइव्ह ऐकतात. थडथडणाऱ्यांपैकी काही तेवढ्यावरच माऊंट झाल्या.

बाकीच्यांना डीडीरेस्क्यू, डिस्कची जशीच्या तशी नक्कल एका फाइलमध्ये उतरवणारं हत्यार, त्या फाइलला इमेज म्हणतात. डेबियनवर पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे आणि कमांडचं नाव डीडीरेस्क्यू, नावात गोंधळ घालणारं एक दुसरंच हत्यार पण आहे, तेवढं बघून घ्या. पहिली फेरी डॅश एन देऊन, ब्लॉक साइज डॅश बी २०४८, ड्राइव्हचं नाव, मग इमेज फाइलचं नाव, मग मॅपफाइलचं नाव. पहिल्या फेरीत ते जे सहज येतं ते उचलतं आणि खराब जागा मागे ठेवून पुढे जातं, मग दुसऱ्या फेरीत डॅश डी डॅश आर ३ देऊन मागे राहिलेल्यावर हट्ट धरतं. मॅपफाइल विसरायची नाही, सगळी गंमत तिच्यात आहे, काय मिळालं काय राहिलं त्याची नोंद ती ठेवते, म्हणून लाईट गेली तरी परत तिथूनच सुरू, आणि आमच्याकडे पावसात लाईट जातेच. आणि हीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच इमेज आणि तीच मॅपफाइल दिली की नुसते राहिलेले तुकडे तो दुसरा ड्राइव्ह वाचायला बघतो. एका ड्राइव्हला न दिसणारं दुसऱ्याला दिसतं हे मी डोळ्यांनी बघितलंय, मेव्हण्याच्या जुन्या लॅपटॉपच्या ड्राइव्हने माझ्या डेस्कटॉपने हात टेकलेली डीव्हीडी वाचली. व्हीसीडीला मात्र याचा उपयोग नाही, वर सांगितलेल्या सेक्टरच्या भानगडीमुळे.

इमेज झाली की डिस्कला हात लावायची गरज नाही, सुडो माऊंट डॅश ओ लूप,आरओ, इमेजचं नाव, फोल्डरचं नाव. मध्ये चार भोकं असली तरी फाइल सिस्टिम शाबूत असेल तर माऊंट होते, व्हिडिओत तिथे चौकोन चौकोन दिसतात आणि नाटक पुढे चालू राहतं.

हे सगळं करताना मध्येच ट्रे उघडेना. बटण दाबतोय, काही नाही. मामा म्हणाले ड्राइव्ह पण मेला. डिस्क माऊंट असली की कर्नल दार लॉक करून ठेवतो, ते बरोबरच आहे, आधी अनमाऊंट. टार्गेट इज बिझी आलं तर फ्यूजर डॅश व्हीएम मारून बघा कोण बसलंय आत, बहुतेक वेळा तुमचंच दुसरं टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं असतं. अनमाऊंट झाल्यावर पण ट्रे नुसता गुर्र करून थांबत असेल तर आतला रबराचा पट्टा सैल झालाय, पुढच्या बारीक भोकात पेपरक्लिप सरळ करून घातली की हाताने उघडतो.

डेस्कटॉपवर आयकॉन येत नाही पण टर्मिनलवरून माऊंट होते अशी तक्रार असेल तर एफएसटॅब बघा, काय कुठे माऊंट करायचं त्याची यादी असते ती, डेबियनचा इन्स्टॉलर कधी कधी सीडीरॉमची ओळ टाकून ठेवतो आणि मग डेस्कटॉप तिच्यामागे जातो, समोर हॅश टाकून ती बंद करा आणि यूडिस्कसीटीएल माऊंट डॅश बी /डेव्ह/एसआर० करून बघा. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

पिशवीतलं बरंचसं निघालं. दोन डीव्हीड्या अर्ध्यामुर्ध्या आहेत, त्यांच्या इमेज आणि मॅपफाइल ठेवून दिल्यात, अजून एखादा वेगळ्या बनावटीचा ड्राइव्ह हाताला लागला की परत लावेन. सगळ्याच्या दोन कॉपी केल्या, एक माझ्या हार्डडिस्कवर, एक मामांना पेनड्राइव्हवर, हो पेनड्राइव्हच, त्यांच्या टीव्हीला तोच लागतो. मामांनी दुसऱ्याच दिवशी फोन केला की तिसऱ्या अंकात आवाज पुढे आणि तोंड मागे हलतंय, ते पण नीट करून दे. ती आता व्हिडिओ एडिटिंगची गोष्ट झाली, एफएफएमपेगमध्ये ऑडिओ थोडा सरकवून बघतोय, अजून जुळलेलं नाही.